ठोक्याची वाट

बास्केटबॉलच्या कोर्टाच्या कडेला एक लांब टेबल असतं. हजारो माणसं खेळ बघतात, पण त्या टेबलाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. टेबलावरच्या मंडळींनाही तेच हवं असतं. आपण लोकांना दिसलो, म्हणजे आपण कुठेतरी माती खाल्ली, असा त्यांचा साधा हिशेब.

त्या टेबलावरच्या एका खुर्चीत चोवीसताई बसायची. आईवडिलांनी ठेवलेलं नाव तिला होतंच, पण हॉलमध्ये ते कुणाला आठवत नव्हतं. तिच्याकडे चोवीस सेकंदांचं घड्याळ होतं, म्हणून ती चोवीसताई. ज्या संघाच्या हाती चेंडू येईल, त्याने तेवढ्या वेळात तो बास्केटकडे फेकायचा. नाही फेकला तर हॉर्न वाजतो आणि चेंडू जातो. फेकलेला चेंडू रिंगला लागून पुन्हा त्याच संघाकडे आला, तर त्यांना नवे चौदा सेकंद मिळतात. रिंगला शिवलाच नाही, तर जुनं घड्याळ तसंच चालू राहतं. सगळी मेख त्या शिवण्यात. चेंडू कधी रिंगवर दणकन आदळतो, तेव्हा आंधळ्यालाही कळेल. कधी मात्र नुसता पदर लागावा तसा घासून जातो. लागला की नाही हे चोवीसताईच्या अंगठ्याने ठरवायचं, आणि तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत.

तिच्या शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा असायचा. सामन्याचं मोठं घड्याळ त्याच्याकडे. दोघांची ओळखही याच टेबलावर झालेली. "लोकांची लग्नं टिकत नाहीत, आमचं प्रत्येक शिट्टीला थांबतं आणि पुन्हा सुरू होतं," असं तो म्हणायचा. तो एका ओतकामाच्या कारखान्यात तपासनीस होता. भट्टीतून निघालेले लोखंडी भाग थंड झाले की छोट्या हातोडीने ठोकून बघायचे, हे त्याचं काम. धड भाग घंटेसारखा वाजतो, आतून तडा गेलेला ठप्प बोलतो. हे ठोकणं त्याच्या हाडीमाशी इतकं भिनलं होतं की घरातली भिंत, बाजारातलं कलिंगड, डॉक्टरांच्या दवाखान्याचं दार, त्याच्या तावडीतून काही सुटायचं नाही. सगळे त्याला ठोकेभाऊ म्हणायचे. त्याची बहीण एकदा आपल्या नवऱ्यावर चिडून माहेरी आली, तेव्हा म्हणाली होती, "सगळं ठोकून घेतोस, मग हे ध्यान घरात आणताना का नाही रे ठोकून बघितलंस?"

"बघितलं होतं," ठोकेभाऊ म्हणाला. "चांगलं वाजलं होतं. तुझ्याकडे आल्यावर तडा गेला."

सामन्यात गोंगाट वाढला की चोवीसताईला रिंगचा आवाज ऐकू यायचा नाही. त्याला यायचा. धान्यातला खडा बोटांना बरोबर सापडावा तसा तो आवाज त्याला गोंगाटातून सापडायचा. डोळे रेफरीच्या हातावर, आणि चेंडू रिंगला शिवला की बोटाच्या पेराने टेबलावर एक ठोका. हा ठोका कानाला कळायचा नाही. तिचं मनगट टेबलावर टेकलेलं असायचं, लाकडातून तो मनगटात यायचा आणि अंगठा दाबला जायचा. नियमांच्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं. एकदा घरी जाताना ती सहज म्हणाली, "तुझ्या ठोक्याने आज वाचले बाई."

"कसला ठोका?" त्याने विचारलं.

तिला ती थट्टा वाटली. पण त्याला खरंच माहीत नव्हतं. झोपेत कूस बदलावी तसं ते त्याच्या हातून होत होतं. मग तिनेही विषय वाढवला नाही. सांगितलं आणि त्याचं लक्ष त्यावर गेलं, तर ते बिघडेल असं तिला वाटलं.

थंडी सुरू होताना तो कारखान्यातून निघाला, बसथांब्यावरच्या बाकावर बसला आणि पुन्हा उठला नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या बाईला तो डुलक्या घेतोय असं वाटलं. तिची बस आली, ती निघून गेली.

चोवीसताई रडली नाही. रडायचं नाही असं तिने काही ठरवलं नव्हतं. ती दिवसभर दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. शहरातले डॉक्टर साचे पाठवत, ती त्यावर मेणाचे दात बसवून कवळ्या तयार करत असे. तिसऱ्या आठवड्यात ती कामाला गेली, टेबलावरचा दिवा लावला आणि राहिलेली कवळी पुढ्यात ओढली. दाढा नीट बसल्या. हात चालत होते. दाताच्या इंजेक्शननंतर ओठ असतो, पण आपला नसतो, चहा प्यायला गेलं तर हनुवटीवर सांडतो आणि कुणीतरी सांगेपर्यंत कळत नाही. तसं तिचं सगळंच झालं होतं.

नणंद रोज संध्याकाळी फोन करायची.

"जेवलीस?"

"हो."

"काय जेवलीस?"

चोवीसताईला आठवायला लागायचं.

"वहिनी, एकदा मोकळी होऊन रड गं. माझा भाऊ होता, मी तीन दिवस भिंतीला डोकं टेकून रडले. आता बघ, भांडायला तयार झाले."

"बघते."

"बघतेस काय? रडू काय दुकानात मिळतं?"

सामन्यांना मात्र ती जात राहिली. लोकांना वाटलं, मन रमवायला जाते. मन रमत बिमत नव्हतं. त्या खुर्चीत एक सोय होती, आणि ती दुसऱ्या कुठल्याच खुर्चीत नव्हती. तिथे फक्त चोवीस सेकंद काढायचे असत. मग आकडा पुन्हा चोवीसवर यायचा आणि तेवढेच पुन्हा काढायचे. घरी सकाळ झाली की संध्याकाळ कुठे दिसतही नसे. टेबलावर तिला फक्त पुढच्या आकड्यापर्यंत जगायचं होतं, आणि तेवढं जमत होतं. लहान हॉल होते, प्रेक्षक थोडे, रिंगचा आवाज तिचा तिला ऐकू यायचा. ठोक्याची आठवणही आली नाही.

मग वसंतात अंतिम सामना त्यांच्या शहरात आला. दोन देशांचे संघ, एक आपला आणि एक शेजारचा. शेजाऱ्यांशी सीमेवरून, नदीच्या पाण्यावरून, फुटबॉलवरून जेवढं भांडण होतं, तेवढं सगळं आता बास्केटबॉलवर येऊन बसलं होतं. टेबलासाठी माणसं निवडणारे कमिशनर तिला भेटायला प्रयोगशाळेत आले. कवळ्यांच्या रांगेकडे बघत अवघडून उभे राहिले.

"ताई, तुमच्याइतका अनुभव कुणाला नाही. पण मोठा सामना आहे. एक हॉर्न चुकला तर दोन देश टेबलावर चढतील. तुम्हाला जमेल ना?"

"जमेल."

"नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. दुसरी बाई तयार आहे. आणि हे बघा, स्पष्ट बोलतो, काही चुकलं तर मग मला पुढे तुमचं नाव लावता येणार नाही."

"जमेल," ती पुन्हा म्हणाली. खुर्ची गेली तर ती कशात बसणार होती?

ठोकेभाऊच्या जागी गाडीमास्तर आले होते. गाडी चालवायला शिकवण्याचा त्यांचा धंदा. आयुष्य शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून गेल्यामुळे काही बिनसतंय असं वाटलं की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा, मग खाली ब्रेक असो वा नसो. स्वभावाने मोकळे. सामन्याआधी हात चोळत म्हणाले, "ताई, मला अजिबात भीती वाटत नाही. माझ्या एका शिष्येने मला गाडीसकट कारंज्यात घातलंय. त्यापुढे हे काहीच नाही."

टेबलाखाली त्यांचा पाय दाबलेलाच होता.

हॉल दुपारपासून भरला होता. चेहऱ्यांना रंग लावलेली माणसं, ढोल, पत्र्याचे डबे, कर्णे. आपला संघ पांढऱ्यात, शेजारचा हिरव्यात. खेळ सुरू झाला आणि असा कल्ला उठला की टेबलावरचे कागद थरथरायला लागले. चोवीसताईने मनगट टेबलावर टेकलं. तिचे डोळे चेंडूवर होते. चोवीस. सतरा. नऊ. पुन्हा चोवीस. कोण पुढे आहे, हेही तिला अधूनमधूनच कळत होतं. रिंगवर आदळलेले चेंडू दिसत होते, अंगठा दाबत होता. मध्यंतरात कमिशनर मागून वाकून म्हणाले, "झकास." तिने मान हलवली.

शेवटच्या मिनिटात हिरवे एका गुणाने पुढे होते आणि चेंडू पांढऱ्यांकडे होता. आता ढोलही ऐकू येत नव्हते, सगळ्या आवाजांचा मिळून एकच जाड थर झाला होता. पांढऱ्यांनी चेंडू इकडून तिकडे फिरवला, वाट मिळेना. घड्याळ खाली आलं. पाचवर असताना एका खेळाडूने कोपऱ्यातून चेंडू उचलून फेकला.

चेंडू कमी पडला. रिंगच्या पुढच्या कडेला जरासा घासला आणि खाली आला. चोवीसताईने बघितलं. चेंडूची गिरकी बदलली, ती तिने स्पष्ट बघितली. पांढऱ्यांच्या सगळ्यात उंच पोराने तो हवेतच धरला. आता अंगठा दाबायचा आणि चौदा द्यायचे, एवढंच काम होतं.

तिचं मनगट टेबलावर होतं. लाकूड गप्प होतं.

ती थांबली.

तीन. दोन. गाडीमास्तरांचा पाय टेबलाखाली धाडकन दाबला गेला. एक. उंच पोरगा उडी मारून वर गेला होता, चेंडू अजून त्याच्या हातात होता, तोच तिच्या घड्याळाचा हॉर्न वाजला. रेफरीची शिट्टी झाली. मग चेंडू बास्केटमधून अलगद खाली आला, पण तोवर खेळ थांबलेला होता.

असं काही होईल हे तिला माहीत असल्यासारखी ती बसून राहिली. पांढऱ्यांचा प्रशिक्षक हात पसरून टेबलाकडे धावत आला. रेफरी आला. तो परक्या देशाचा, भाषा कळायची नाही. त्याने एका हाताच्या बोटांची रिंग केली, दुसऱ्या हाताचं बोट त्या रिंगला लावून दाखवलं आणि भुवया उंचावल्या.

"ताई," कमिशनर टेबलावर वाकले. "रिंगला लागला होता?"

"लागला होता."

"तुम्हाला दिसला?"

"दिसला."

"मग?"

उत्तर होतं, पण ते तोंडातून काढणं म्हणजे गेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडणं. त्याला तर आपण ठोका देतोय हेही कधी कळलं नव्हतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "चौदा द्यायला हवे होते."

चूक दुरुस्त झाली. शिट्टीनंतरची बास्केट धरली गेली नाही. चेंडू पांढऱ्यांना बाजूच्या रेषेवरून मिळाला, घड्याळात चौदा आले. यावेळी हिरव्यांनी त्या उंच पोराला दोघांनी मिळून घेरलं. पांढऱ्यांनी घाईत लांबून फेकलं, चेंडू रिंगवर खणखणीत आदळून हिरव्यांच्या हातात गेला. उरलेला वेळ त्यांनी चेंडू धरून काढला आणि सामना एका गुणाने जिंकला.

हिरवे एकमेकांच्या अंगावर पडत होते. उंच पोरगा कोर्टाच्या मधोमध बसून बुटाची नाडी सोडत आणि पुन्हा बांधत होता. चोवीसताई त्याच्याकडे बघत राहिली. आता तरी काही वाटायला हवं, असं तिला वाटलं. लाज, भीती, काहीही. तिने गालाच्या आतल्या बाजूला दात रुतवून बघितला. दुखलं, पण दुसऱ्या कुणाला दुखल्याचं आपण ऐकावं तसं.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत कमिशनरांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. वाईट माणूस नव्हता. तिच्या आधी त्यांनीच पाणी प्यायलं.

"कारण सांगा ताई. आवाज फार होता, बटण अडकलं, काहीतरी. मी बोलेन वरती."

"बटण चांगलं आहे."

"मग मोठे सामने आता नकोत. शाळांचे सामने असतात, तिथे माणसं कमीच पडतात. बघा, चालत असेल तर."

"चालेल."

ती भांडेल, निदान डोळे पुसेल, म्हणून ते थोडा वेळ थांबले. मग तेच म्हणाले, "बरं."

गाडीमास्तरांनी तिला घरी सोडलं. शिकवणीचीच गाडी, त्यामुळे तिच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच होते.

"पाय जरा जपून ठेवा हं," ते म्हणाले, "नाहीतर चौकात आपण दोघंही वेगवेगळ्या मताचे निघू."

रस्त्यात हरलेल्या माणसांचे घोळके होते. कुणी झेंडा काखेत मारून चालत होतं. एका वळणावर गाडीमास्तर म्हणाले, "ताई, मी बाजूलाच होतो. तुम्ही चेंडू बघितला होता. डोळ्यांत तेल घालून बघत होतात. मग थांबलात कशाला?"

तिने सांगितलं. समोरच्या काचेकडे बघत, दोन वाक्यांत. तो ठोकायचा. मी ठोक्याची वाट बघितली.

गाडीमास्तरांनी बराच वेळ गियर बदलला नाही. इंजिन कुरकुरायला लागलं, तेव्हा त्यांना जाग आली.

"अहो, मग आधी बोलायचं नाही का? मी ठोकला असता."

"तुम्हाला ऐकू आला असता?"

ते विचारात पडले. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. "नसता," ते म्हणाले.

घरी फोन वाजतच होता.

"तो हॉर्न तूच ना गं?" नणंदेने विचारलं.

"हो."

"आमचे हे अजून टीव्हीला शिव्या देतायत. मी म्हटलं, टीव्हीला काय द्यायच्या त्या द्या, माझ्या वहिनीपर्यंत एक जरी पोचली तर उद्यापासून चहा स्वतःचा स्वतः करायचा." मग तिचा आवाज उतरला. "वहिनी, लागला का गं तो चेंडू?"

"लागला होता."

"दादा असता तर..." नणंद म्हणाली आणि थांबली. तिला ठोक्याबिक्याचं काही माहीत नव्हतं. तिने ते असंच म्हटलं होतं, जसं ती आता प्रत्येक गोष्टीला म्हणायची. चोवीसताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

पुढचे काही दिवस शहराला दुसरा विषय नव्हता. प्रयोगशाळेत साचे घेऊन येणारा माणूस रोज दारातूनच सुरू व्हायचा. "ती घड्याळवाली बाई! डोळे होते की बटणं? तिला आधी शेजाऱ्यांनी किती चारले ते शोधा." प्रयोगशाळेचे मालक त्याला डोळ्याने गप्प बसायची खूण करत. त्याला खूण कळत नसे. चोवीसताई मेणात दात बसवत राही. एकदा तिने मान वर करून विचारलं, "खालचा साचा कुठाय?" तो म्हणाला, "राहिलाच की!" आणि परत पळाला.

रविवार आले तेव्हा खरी पंचाईत झाली. पूर्वी रविवारी खुर्ची असायची. आता सकाळ उगवायची आणि समोर पसरून राहायची. ती एका जागी बसून चोवीसपासून खाली मोजायचा प्रयत्न करायची. पण घरात आकडा पुन्हा चोवीसवर आणणारं काही घडत नव्हतं. शून्य यायचं आणि मग पुढे नुसतं शून्यच.

शाळांच्या सामन्यांचं बोलावणं आलं, तेव्हा तिने सामन्याची वेळही न विचारता हो म्हटलं.

शाळेचा हॉल लहान होता. भिंतीला लागून उड्या मारायच्या गाद्या रचलेल्या, खिडकीची एक काच पुठ्ठ्याची. टेबल म्हणजे दोन बाकं जोडून वर पसरलेली फळी. मुलींचा सामना होता. प्रेक्षक म्हणजे मुलींचे आईबाप आणि एक कंटाळलेला धाकटा भाऊ. मोठ्या घड्याळापाशी गाडीमास्तर बसले होते. त्यांना कुणी बोलावलं होतं की ते आपणहून आले होते, हे तिने विचारलं नाही. त्यांच्या हातात टोक काढलेली नवी पेन्सिल होती.

"ताई, मी गेला आठवडाभर सराव केलाय," ते कुजबुजले. "घरी. दरवाजाच्या कडीवर बॉल मारून. बायको म्हणते, डोक्यावर परिणाम झालाय. आज रिंगला लागला की मी ठोकणार. तुम्ही अजिबात काळजी करू नका."

"बरं," ती म्हणाली आणि मनगट फळीवर टेकलं.

खेळ सुरू झाला. मुली धडपडत होत्या, एकमेकींना सॉरी म्हणत होत्या. बराच वेळ चेंडू रिंगपर्यंत पोचतच नव्हता. मग एका चष्मेवाल्या मुलीने दोन्ही हातांनी खालून, विहिरीतून बादली ओढावी तसा चेंडू वर टाकला. तो गेला, रिंगच्या कडेला जरासा घासला, टिंग इतकाच आवाज झाला, आणि परत तिच्याच हातात येऊन पडला.

आकड्यांच्या फळ्यावर लाल चौदा लागले.

गाडीमास्तरांची पेन्सिल हवेतच राहिली. "अहो ताई, मला ठोकायला तरी द्या! किती घाई?"

चोवीसताईने आधी फळ्याकडे आणि मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. तो बटणावर दाबलेला होता. कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने कुणाची वाट बघितली नव्हती. मनगटाखाली नुसती फळी होती. ती गार होती, कडेला खरखरीत होती, आणि एक बारीक कुसळ तिच्या कातडीत शिरलं होतं. ते दुखत होतं. मघापासून दुखत असणार.

तेरा. बारा. अकरा. पुढचे आकडे तिला नीट दिसेनात. लाल रंग फळ्यावर पसरत चालला होता. तिने दुसऱ्या हाताने डोळे पुसले, ते पुन्हा भरले, तेव्हा तिने पुसायचं सोडून दिलं आणि कान रिंगकडे लावून बसली.

कोर्टावर शिट्टी झाली, कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय दिला होता. गाडीमास्तरांनी मोठं घड्याळ थांबवलं. शेजारी बघितलं. पेन्सिल कानामागे खोचली आणि टेबलाखाली पाय हलकेच ब्रेकवर ठेवला.